कारवानीचा दमसास

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा सुरू होते. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या या गावी घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी गुरं येतात; कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच, तेव्हा त्याच्या यात्रेत कुत्र्याला मान मिळावा हे रीतीला धरूनच आहे. त्या गर्दीत उंच, निमुळत्या तोंडाचं, पोट पाठीला लागलेलं कुत्रं दिसलं, की शहरातून आलेला माणूस हळहळतो, "बिचाऱ्याला पोटभर घालत नाहीत वाटतं." जाणकार आधी बरगड्यांवरून बोटं फिरवतो, मग मांडी दाबून पाहतो. शेवटच्या तीन-चार बरगड्या दिसत असतील, कमरेची हाडं हाताला लागत असतील आणि मांडी भरीव, घट्ट असेल, तर कुत्रं तयारीत आहे. मांडी लोंबत असेल तर मात्र खरंच उपासमार आहे.

हे कारवानी कुत्रं. अंगावर आखूड केस असतात. कानांना आणि शेपटीला लांब रेशमी केस असले तर पश्मी. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ या पैदाशीसाठी ओळखलं जातं. मुधोळच्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी अशीच कुत्री जोपासली, इंग्लंडच्या राजाला भेट दिली आणि मुधोळचं नाव जगभर झालं. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. पुढे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजपालयम आणि चिप्पीपराईबरोबर मुधोळ हाउंडची जात म्हणून नोंद केली. मराठवाड्याच्या वाट्याला यातलं श्रेय फारसं आलं नाही, याची मला खंत वाटते.

कुत्र्यांच्या शिकारीचा या मुलखातला इतिहास जुना आहे. लातूरच्या सीमेपलीकडे बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांचा खेळ, सांगितला आहे.

शिकारी कुत्रं म्हटलं की परदेशात बीगल आठवतं. ते नाकाने माग काढतं, भुंकत-हेल काढत तासन् तास मागावर राहतं. तिथे दम म्हणजे सावकाश, पण न थांबता चालत राहणं. कारवानीची तऱ्हा वेगळी. आपला ससा बीळ करत नाही. गवतात, तुरीच्या ओळीत अंग दाबून बसतो आणि अगदी पायाशी आल्यावर उसळतो. कारवानी त्याला डोळ्याने टिपतं, न भुंकता सुटतं आणि थोड्या वेळात निकाल लागतो. एका ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. पण माळरानावर एका धावेने दिवस संपत नसे. तासाभराने पुन्हा काही उठे, पुन्हा धाव. म्हणून या कुत्र्याचा दमसास पाहायचा तो धाव संपल्यावर: श्वास किती लवकर जागेवर येतो, दुसऱ्या धावेला पाय तसेच उठतात का.

ही परीक्षा पूर्वी शिकारच घेत असे. जे टिकलं त्याची पिल्लं पुढे गेली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते थांबवलं आणि ते योग्यच झालं. या कायद्यात जनावराला मारणंच काय, त्याच्या मागे कुत्रं घालणं आणि तसा प्रयत्न करणंही शिकारीत मोडतं. "फक्त पळवलं, मारलं नाही" ही सबब चालत नाही. इंग्लंडमध्येही 2005 पासून कुत्र्यांकरवी सशाची शिकार बंद झाली. शिकार गेली आणि तिच्याबरोबर कुत्र्याचा रोजचा व्यायामही गेला. आता तो माणसाने हेतुपुरस्सर करून घ्यायला हवा. दारात साखळीला बांधलेलं कारवानी दोन-तीन पिढ्यांत नुसतं दिसायला कारवानी उरेल.

वर्षाखालच्या पिल्लाला जोराने पळवू नये. त्याची हाडं अजून वाढत असतात. त्याने आपल्या मनाने हुंदडावं, मऊ मातीच्या पांदीने मालकाबरोबर चालावं, एवढं पुरे. मोठ्या कुत्र्याची तयारी दिवाळीनंतर, थंडी पडू लागली की सुरू करावी. पहिले काही आठवडे चालणं, मग सायकलीबरोबर दुडकी चाल. दुडकीत शरीर चरबी जाळायला शिकतं आणि स्नायूबंध बळकट होतात. पाया पक्का झाल्यावरच आठवड्यातून दोन-तीनदा मोकळी धाव द्यावी, मध्ये विश्रांतीचे दिवस हवेत. बालाघाटाच्या चढणीवर चालवलं तर मागचे पाय भरतात. पाझर तलावात पोहणं सगळ्यांत चांगलं, सांध्यांवर भार येत नाही. धावेची हौस भागवायला दोरीला चिंधी बांधून मोटारीने जमिनीसरशी ओढतात. कुत्रं तिच्या मागे तितक्याच जिवाच्या आकांताने पळतं.

घात होतो तो उष्णतेने. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग निवतं. शर्यतीच्या ग्रेहाउंडचं तापमान धावेनंतर 41 अंशांच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. नांदेडचा मे महिना 43-44 अंशांवर जातो, तेव्हा फाल्गुनानंतर तांबडं फुटायच्या सुमारास चालवणं तेवढं ठेवावं. धाव संपल्याबरोबर बसवू नये, हळू फिरवावं, पाणी थोडं थोडं पाजावं. हिरड्या विटकरी लाल झाल्या, चाल अडखळली, तर पोटाला आणि जांघेत पाणी मारून तडक डॉक्टरांकडे न्यावं. छाती खोल असल्याने भरल्या पोटी धावेत पोट फुगून पीळ बसण्याचा धोकाही असतो. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, अंडी, जमेल तसं मटण, हे धावेनंतर दोन तासांनी.

मग पंजे. घरी आल्यावर कुत्र्याला आडवं करून एकेक बोट फाकवायचं. काळ्या मातीचा गोळा सुकून बोटांच्या बेचक्यात बसलेला असतो, तो कोमट पाण्याने सोडवायचा. सराटा लगेच दिसतो, कुसळ मात्र कातडीत शिरून आठवड्याने गळू होऊन वर येतं. तुरीच्या धसकटाने गादी चिरली असेल तर ती भरेपर्यंत धाव बंद. कानामागे आणि बोटांत गोचीड शोधायची. गोचिडीच्या तापाने रक्त उतरतं. मालक म्हणतो कुत्रं आळशी झालं, आणि दोष रक्तात असतो.

जर्मनीत अल्सेशियनची पैदाशीसाठी पारख करताना त्याला सायकलीबरोबर 20 किलोमीटर पळवतात. ताशी 12 ते 15 किलोमीटर वेग, मध्ये विश्रांती, आणि थकवा व पंजे परीक्षक स्वतः तपासतात. सहनशक्तीच्या घोडदौडीत टप्प्यावर नाडी 64 पर्यंत उतरली तरच घोड्याला पुढे सोडतात. माळेगावला हे सहज जमेल. यात्रा ऐन थंडीत असते, पशुवैद्यक हजर असतात, भोवती मातीचे रस्ते आहेत. भल्या पहाटे काही किलोमीटरची दुडकी, आधी आणि नंतर नाडी, श्वास, पंजे यांची तपासणी, आणि त्याचे गुण उंची-रंगाच्या गुणांत मिळवायचे. जानवळच्या आणि मुखेड-कंधारकडच्या पाळणाऱ्यांनी ही मागणी जिल्हा परिषदेकडे एकत्र येऊन करावी.