सुप्याचा दंगा आणि मुंबईचे कायदे कौन्सिल

12 मे 1875. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या आणि आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारपेठेत शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे फोडली. त्यांचा रोख होता खतांवर. कर्जरोखे आणि चोपड्या काढून त्यांची होळी केली. 'दख्खनचे दंगे' म्हणून इतिहासात गेलेल्या प्रकरणाची ही सुरुवात.

कायदे करणारी सभा तेव्हा मुंबईत होती, तीही 13 वर्षांची. 22 जानेवारी 1862 रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये कायदे कौन्सिलची पहिली बैठक झाली. नाना शंकरशेट कौन्सिलचे सभासद होते. पण कौन्सिलचा थाट मोठा आणि काम बेताचे. अध्यक्षस्थानी गव्हर्नर, सभासद त्यानेच नेमलेले. समोर आलेल्या मसुद्यावर बोलायचे, बस्स. सरकारला प्रश्न विचारायची सोय नव्हती, अंदाजपत्रकावर चर्चाही नव्हती. तिथे बसलेली हिंदी मंडळी बहुधा सरदार, शेठ, पुढे वकील. कुळवाड्याची खुर्ची कुठेच नव्हती.

साऱ्याच्या बाबतीत पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्याचेच बघा. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी 1836 च्या सुमारास तिथे नवी मोजणी करून सारा ठरवला. रयतवारीची पुढची सगळी घडी त्या नमुन्यावर बसली. 30 वर्षांची मुदत सरल्यावर 1867 साली फेरआकारणीही आधी इंदापुरातच झाली, आणि सारा चढला. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेला भाव ओसरत होता, पण कागदावरचा आकार कायम. माझ्या मते खरी मेख इथे आहे: शेतकऱ्याच्या संसारातला सर्वांत मोठा आकडा कौन्सिलपुढे मंजुरीला येतच नसे. तो मोजणी खाते आणि सरकारचे हुकूम ठरवत.

दंग्यानंतर चौकशी आयोग बसला. त्याच्या अहवालातून 1879 चा 'डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट' निघाला: पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. खतावर अंगठा असला तरी कोर्टाने मूळ मुद्दल किती आणि व्याज किती हे खोदून बघावे, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, खत गावच्या निबंधकापुढे व्हावे. आमच्या गावच्या प्रश्नावरचा हा कायदा, पण केला व्हाइसरॉयच्या कौन्सिलने. दिवाणी कायदे वरचे, त्यांना हात लावायचा मुंबईला अधिकार नव्हता. मुंबईने त्याच वर्षी केला तो जमीन महसूल कायदा, म्हणजे वसुलीचा. वाटणी मासलेवाईकच म्हणायची!

1892 च्या कौन्सिल कायद्याने या रचनेत फट पडली. स्थानिक संस्थांनी नाव सुचवायचे, गव्हर्नरने नेमायचे. 'निवडणूक' म्हणायचे टाळले, इतकेच. प्रश्न विचारता येऊ लागले, अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागले. मत मात्र नाही. 1895 साली मध्य विभागातल्या लोकल बोर्डांनी टिळकांना पाठवले. 1897 साली ते पुन्हा गेले आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगातही.

या कौन्सिलचा सर्वांत मोठा खटका उडाला तो ऑगस्ट 1901 मध्ये, पुण्यात. दुष्काळ आणि प्लेगने हैराण झालेल्या मुलखात सरकारने महसूल कायद्यात दुरुस्ती आणली: सारा थकून सरकारजमा झालेली जमीन परत द्यायची, पण विकायची मोकळीक काढून. सावकाराच्या घशात जमीन जाऊ नये हा सरकारचा दावा. शेतकऱ्याची पतच बुडेल, हे विरोधकांचे म्हणणे. दोन्ही बाजू अगदीच पोकळ नव्हत्या. विधेयक लांबणीवर टाकायची फिरोजशहा मेहतांची सूचना फेटाळली गेली, तसे मेहता उठले. मागोमाग गोखले, भालचंद्र कृष्ण, गोकुळदास पारेख आणि दाजी खरे. सभात्याग ही त्या काळी न ऐकलेली गोष्ट. मते सरकारकडे होती, विधेयक संमत झाले. सातबाऱ्यावर आजही 'नवीन शर्त' हा शेरा दिसतो, त्याचा उगम त्याच दुरुस्तीत आहे.