उणे अर्धा आणि गटाची वही

"काकू, मी गणित सोडते." वस्तीतल्या अभ्यासिकेत अकरावीतली पोर डोळे पुसत म्हणाली आणि माझ्या पोटात धस्स झालं. तिच्या आईने क्लासची फी भरायला आमच्या बचत गटातूनच कर्ज काढलेलं. अन् गणित सोडलं की इंजिनीअरिंगचं नाव नको! पण मी सांगणार काय? मी स्वतः दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून मराठी घेऊन बी.ए. झालेली.

तिचं उत्तर होतं, 'क्षचा दीड घात वजा क्षचा उणे अर्धा घात'. (हे घात वर चिमुकल्या आकड्यांत लिहितात, मी आपली शब्दांत सांगते.) पुस्तकात मात्र वर 'क्षचा वर्ग वजा १' आणि छेदात क्षचं वर्गमूळ. जुळवायला गेली, तर वर्गाच्या जागी नुसता क्षच येई. म्हणजे सगळंच चुकलं, असं तिने धरलं.

रात्री ओटा आवरून वही घेऊन सोसायटीतल्या निवृत्त गणित शिक्षिकांकडे गेले. त्यांनी आधी माझंच भय घालवलं. अर्धा घात म्हणजे वर्गमूळ. अन् घात उणे झाला म्हणजे संख्या उणे होत नाही, ती छेदात जाते. ४ चा अर्धा घात २, तर उणे अर्धा घात १/२. मी आपली उणे २ धरून बसलेली! सामाईक काढताना जो घात लहान तो बाहेर, आणि कंसातल्यासाठी वजाबाकी करायची. (सासूबाईंना निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ होत्या. त्यांनी हे माझ्याआधी पकडलं असतं.)

पोरीची गाडी त्या वजाबाकीतच अडली होती. दीडातून अर्धा गेला, राहिला एक, असं तिचं चाललेलं. दुसऱ्या दिवशी मी गटाची वहीच पुढे ठेवली. "एकीची शिल्लक दीड हजार, दुसरीच्या अंगावर अर्धा हजार देणं. दोघींत फरक किती?"

"दोन हजार," ती पटकन म्हणाली आणि थबकली. "अगंबाई, म्हणजे इथेही दोनच!"

क्षचा उणे अर्धा घात बाहेर, कंसात क्षचा वर्ग वजा १. बाहेरचा तो छेदात गेला, वर्गमूळ होऊन. झालं की पुस्तकातलं उत्तर! तरी ताळा करून पाहिला. क्षच्या जागी ४ घातले. ४ चा दीड घात ८, त्यातून अर्धा गेला, साडेसात. इकडे १६ वजा १, १५, भागिले २. साडेसातच. तिचं पहिलं उत्तर मुळात चूक नव्हतंच, फक्त आवरलेलं नव्हतं.

परवा ती नवं गणित घेऊन आली. आता म्हणे अख्ख्या कंसालाच उणे अर्धा घात, आणि तो कंसच सामाईक काढायचा. मला काही जमेना. "द्या इकडे काकू," म्हणत तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली.