ऑफिसचा नंबर पुण्याचा, फोन वाजतो गावात! ही जोडणी सुरक्षित कशी ठेवायची, समजून घ्या

कोरोनाच्या काळात गावी आलेली अनेक पोरं-पोरी आजही घरूनच नोकरी करतात. कॉल सेंटरसारख्या कंपन्यांना घरून काम देणं सोपं जावं म्हणून केंद्राच्या दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये नियम शिथिल केले, जून २०२१ मध्ये आणखी सूट दिली. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या ऑफिसचा फोन आता गावातल्या ओट्यावर वाजतो. पण हा फोन नीट बंदोबस्त न करता जोडला, तर कंपनीला भुर्दंड बसतो आणि कर्मचाऱ्याची नोकरी अडचणीत येते.

हे चालतं कसं?

पूर्वी ऑफिसच्या एक्स्चेंजमधून टेबलापर्यंत वायर यायची. आता हे एक्स्चेंज इंटरनेटवर असतं. प्रत्येकाला एक एक्स्टेन्शन नंबर मिळतो, समजा २०५. मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर ॲप टाकायचं, २०५ आणि पासवर्ड भरायचा, की झाला ऑफिसचा फोन सुरू. ग्राहकाला फोन केला तर त्याच्या स्क्रीनवर कंपनीचाच नंबर दिसतो.

धोका कुठे आहे?

चोरांचे कॉम्प्युटर इंटरनेटवर रात्रंदिवस असे एक्स्टेन्शन शोधत असतात. २०५ चा पासवर्डही २०५ च ठेवला, तर तो सापडायला वेळ लागत नाही. मग रात्रीतून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल लावले जातात आणि बिल कंपनीच्या माथी पडतं. दुसरं म्हणजे, कंपनीच्या नंबरवरून बोलणाऱ्या चोरावर ग्राहक सहज विश्वास ठेवतो.

ऑफिसने काय करायचं?

- एक्स्चेंज इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही. कर्मचाऱ्याने आधी व्हीपीएन लावायचं, मगच फोन सुरू व्हायला हवा. उघड्या चारीचं पाणी मधे कुणीही फोडतं, बंद पाइपलाइनचं तसं होत नाही. व्हीपीएन म्हणजे अशी पाइपलाइन.
- पासवर्ड लांब आणि प्रत्येकाचा वेगळा. लॉगिन करताना मोबाईलवरचा कोडही मागितला पाहिजे.
- कामाला गरज नसेल तर परदेशी कॉल बंद ठेवायचे. रोजच्या कॉलच्या खर्चाला मर्यादा घालायची.
- माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं एक्स्टेन्शन बंद करायचं.

घरी काय करायचं?

- वायफायचा कंपनीने दिलेला जुना पासवर्ड बदला. शेजारपाजारी सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड कामाचा नाही.
- ऑफिसचं ॲप असलेला फोन लॉक ठेवा, पोरांच्या हातात गेमसाठी देऊ नका.
- स्टँडवरच्या किंवा हॉटेलच्या फुकट वायफायवर व्हीपीएनशिवाय ऑफिसचा फोन घेऊ नका.
- एका कॉलला जाता-येता प्रत्येकी साधारण १०० केबीपीएस वेग पुरतो. म्हणजे महागडा प्लॅन लागत नाही, पण लाइन तुटता कामा नये. लाइट जाते तिथे राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

हा फोन आला तर लगेच कापा

"ऑफिसच्या आयटीमधून बोलतोय, सेटिंग करायचंय, स्टारने सुरू होणारा हा नंबर डायल करा," असं कुणी सांगितलं तर करू नका. त्याने तुमचे कॉल चोराच्या मोबाईलवर वळू शकतात, फोनवर येणारा ओटीपीही त्यालाच ऐकू जातो. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असं कोड डायल करून कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली होती. तरीही चुकून डायल झालंच, तर ##००२# डायल करून कॉल वळवणं रद्द करा. खरा आयटीवाला तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी मागत नाही.

मोबाईल हरवला तर?

आधी ऑफिसला कळवून एक्स्टेन्शन बंद करायला सांगा. मग सिम बंद करा, पोलिसांत तक्रार द्या आणि संचार साथी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन लावा.

घरून काम करणाऱ्यांनी आजच ऑफिसला दोन गोष्टी विचाराव्यात: आपल्या एक्स्टेन्शनवर परदेशी कॉल बंद आहेत का? आणि रात्री फोन हरवला तर कळवायचं कुणाला? तो नंबर कागदावर लिहून भिंतीला लावून ठेवा, कारण मोबाईलच हरवला तर त्यातला नंबर शोधणार कुठे?