दुखत नाही, म्हणूनच दाखवा

रोहण्याच्या मायबहिणींनो आणि गुरुजनहो,

स्तनाच्या कर्करोगाचे नाव घ्यायला बायामाणसे लाजतात. लाजेपायी महिने जातात, आणि या रोगात घात होतो तो उशिरानेच. "दुखत नाही, मग भ्यायचे कशाला?" हा हिशेब खोटा आहे. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही.

असे पाहा. स्तनात दुधाच्या बारीक नळ्या असतात, शेतातल्या पाटांसारख्या. अगदी पहिल्या पायरीवर बिघडलेल्या पेशी नळीच्या आतच असतात. पाटाचा काठ फुटलेला नसतो. तेव्हा हाताला बहुधा काही लागत नाही. मॅमोग्राफी या क्ष-किरण तपासणीत ते दिसते. काठ फुटला की गाठ होते, पेशी काखेत व पुढे शरीरभर जाऊ शकतात.

पहिल्या पायरीवर शस्त्रक्रियेने तेवढाच भाग काढतात, वर पुष्कळदा किरणोपचार देतात. बिघाड बराच पसरलेला असेल तर स्तन काढावा लागतो. पण केमोथेरपी लागत नाही. गाठ झाली, तरी ती लहान असताना आलेल्या बहुतेक जणी बऱ्या होतात. तपासणीची सुई टोचली की रोग भडकतो, ही समजूत साफ चुकीची.

आता तुम्ही म्हणाल, खेड्यात मॅमोग्राफी कुठली? तर ऐका. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत खास शिकवलेल्या सेविका, डॉक्टर नव्हेत, दर दोन वर्षांनी हाताने तपासत. अशा चार फेऱ्या झाल्या. तिथे रोग लवकरच्या पायरीवर सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. शिकलेला हात किती मोलाचा, ते यावरून कळावे.

तिशी ओलांडलेल्या बाईची अशी तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, आशाताईंना विचारा. मध्येच गाठ लागली, कातडी खळगली, बोंड आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त आले, तर लेप-पोटीस लावत बसू नका. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, तिथे जा. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण ते डॉक्टरांनी सांगावे, शेजारणीने नव्हे.

गुरुजी, बाईंनो, पालकसभेत एवढे बोला. आणि घरच्या कर्त्या पुरुषांनो, सोयाबीन निघू द्या, कापूस विकू द्या, असे म्हणून तिची तारीख पुढे ढकलू नका.