अंगावर काढलेला ताप

१९१८ च्या साथीला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. जूनमध्ये मुंबईत शिरलेला हा इन्फ्लुएंझा पावसाळा सरता सरता पुन्हा उसळला आणि देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्यात वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे फार होती. तरीही ‘तरणं पोर आहे, काढेल अंगावर’ हे वाक्य मी नांदेड-लातूरच्या घराघरांत आजही ऐकतो.

लातूरचा ट्युशन एरिया किंवा नांदेडचे भाग्यनगर जून-जुलैत बघावे. अकरावीची आणि ‘नीट’च्या रिपीटरांची मुले जिल्ह्याजिल्ह्यांतून येतात. एका खोलीत तीन-चार कॉट, एकच मेस, आणि एसीसाठी खिडक्या लावून घेतलेला वर्ग. नेमका हाच आपल्याकडे फ्लूचा मोठा हंगाम. युरोप-अमेरिकेत तो हिवाळ्यात येतो. महाराष्ट्रात मुख्य लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि बहुधा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान एक लहान लाट. म्हणजे बॅच आणि विषाणू एकाच मुहूर्तावर सुरू होतात.

फ्लूचा रोगी लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस संसर्ग पसरवू शकतो. पॅरासिटामॉलने अंग थंड होते, विषाणू तसाच राहतो. गोळी घेऊन टेस्टला बसलेला मुलगा म्हणूनच बाकावरच्या शेजाऱ्यांना धोक्याचा. पण त्याला बोल तरी कसा लावावा? एक लेक्चर बुडाले तर पुन्हा कोण शिकवणार, ही त्याची भीती खरी आहे. माझ्या मते रोगाची खरी वाट या भीतीतून जाते.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या वसतिगृहांत २००६-०७ च्या हिवाळ्यात हजारावर विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. मास्क आणि हातांची स्वच्छता दोन्ही पाळणाऱ्यांत फ्लूसारखा आजार चौथ्या ते सहाव्या आठवड्यांत ३५ ते ५१ टक्क्यांनी कमी आढळला. नुसत्या मास्कने ठाम फरक दिसला नाही. हात धुवायला पाणी लागते, हे मात्र लातूरकरांना वेगळे सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वेळी सॅनिटायझरची बाटली मेसच्या दारातच हवी.

लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचे संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून प्रवेशाच्या धावपळीतच, मे-जूनमध्ये, डॉक्टरांना विचारून ती घेतलेली बरी. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत; मेडिकलवाल्याकडून ती मागून घेण्यात पैसे वाया जातात. धाप लागणे, छातीत दुखणे, भ्रम होणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र न काढता दवाखाना गाठावा.

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यातील शाळा-महाविद्यालये काही दिवस बंद ठेवली होती. आपल्याकडे सरसकट सुट्टी दिली, तर मुले एसटीत बसून ताप गावी नेतील. त्यापेक्षा वसतिगृहात एक खोली आजाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. तिथे खिडकी उघडी असावी, मेसचा डबा दाराशी यावा, आणि गोळी न घेता चोवीस तास ताप नसेपर्यंत मुलाने तिथेच राहावे. बुडालेल्या लेक्चरचे रेकॉर्डिंग आणि टेस्टची दुसरी तारीख क्लासने प्रवेशाच्या दिवशीच लिहून द्यावी. पालकांनी फीची पावती घेताना हा कागदही मागून घ्यावा.