दावा किती वर्षे चालतो?

मालवण तालुक्यातील मसुरे गावाच्या आंगणेवाडीत श्री भराडी देवीची जत्रा भरते. समजा, दर्शनाची रांग सुरू होऊन एकच तास झाला आहे आणि देवळातून बाहेर येणाऱ्यांना आपण विचारले, ‘रांगेत किती वेळ गेला?’ प्रत्येकाचे उत्तर एका तासाच्या आतलेच येईल. ज्यांना चार तास लागणार आहेत, ते अजून रांगेतच उभे आहेत. त्यांना आपण विचारलेलेच नाही.

दिवाणी दाव्यांचा काळ मोजताना अशीच चूक होऊ शकते. हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा नाही. कोकणात एकाच सातबारावर अनेक हिस्सेदारांची नावे असतात. काही गावात, काही मुंबईत. वाटपाचा दावा लावावा की आपसात मिटवावे, हे ठरवताना घरात पहिला प्रश्न निघतो तो किती वर्षे लागतील हाच. बंगळूरच्या ‘दक्ष’ संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पक्षकारांच्या देशव्यापी पाहणीत दिवाणी दाव्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दावे जमीन व मालमत्तेचे आढळले होते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका न्यायालयात दर वर्षी १०० दावे दाखल होतात. त्यांतील ६० तडजोडीने, माघारीने किंवा प्रतिवादी हजर न राहिल्याने एका वर्षात संपतात. उरलेले ४० शेवटपर्यंत लढवले जातात व त्यांना १० वर्षे लागतात. सर्व १०० दाव्यांची खरी सरासरी ४.६ वर्षे आहे.

पहिल्या अभ्यासकाने एका वर्षी दाखल झालेले १०० दावे घेतले आणि पाच वर्षांनी त्यांतील फक्त निकाली दावे पाहिले. त्याला ६० दावे मिळाले. सरासरी एक वर्ष! दुसऱ्याने, हा क्रम वीस वर्षे चालल्यावर, न्यायालयाचे कपाट उघडून प्रलंबित दावे मोजले. तेथे पहिल्या प्रकारचे ६० आणि दुसऱ्या प्रकारचे ४००, असे ४६० दावे होते. म्हणजे ८७ टक्के दावे रेंगाळणारे! दोघांनीही खोटे लिहिले नाही; पण दाखल होणाऱ्या दाव्यांचे चित्र दोघांनाही मिळाले नाही. जो दावा जास्त काळ कपाटात राहतो, तो पाहणीत सापडण्याची शक्यताही तितकीच जास्त असते.

मग योग्य रीत कोणती? एका वर्षी दाखल झालेले सर्व दावे घ्यावेत आणि प्रत्येकाचा मागोवा ठेवावा. जो दावा पाच वर्षांनंतरही चालू आहे, तो टाकून देऊ नये. ‘निदान पाच वर्षे’ एवढी माहिती तो देतोच. अशा अपुऱ्या नोंदींचा उपयोग कसा करावा, हे कॅप्लान व मायर यांनी १९५८ साली दाखवले. वैद्यकात उपचारानंतर रुग्ण किती काळ जगतात हे त्याच रीतीने काढतात. उत्तर एका सरासरीत न देता, कोणत्या वर्षाअखेर किती टक्के दावे उरतात, असे द्यावे. आपल्या उदाहरणात ४.६ वर्षे चाललेला दावा एकही नाही! पण ‘पहिल्या वर्षात मिटले नाही, तर दहा वर्षे’ हे कुटुंबाला कळले, तर निर्णय घेणे सोपे जाते.

अशा मागोव्याची सोय आता झाली आहे. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो, आणि २०१५ पासून ‘नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड’वर जिल्हावार प्रलंबित प्रकरणे कोणालाही पाहता येतात.

तरीही एक अडचण उरते. दावा ‘संपला’ असे केव्हा म्हणायचे? वाटपाच्या दाव्यात न्यायालय आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा करते. शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. त्यासाठी मोजणी, नकाशे व सरस-निरस पाहणे आले. घराच्या वाटपाचा अंतिम हुकूमनामा न्यायालयच करते. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकाराच्या वेगळ्या अर्जाची वाट न पाहता न्यायालयाने पुढील काम चालू ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. प्राथमिक हुकूमनाम्यापाशी मोजणी थांबवली, तर तक्ता छान दिसतो. हिस्सेदाराच्या ताब्यात मात्र एक गुंठाही आलेला नसतो.

हा प्रयोग शाळेत सहज करता येईल. ग्रंथालयाची नोंदवही घ्या. जूनमध्ये दिलेल्या पुस्तकांपैकी जुलैअखेर परत आलेल्यांचीच सरासरी मुले काढतील. मग त्यांना विचारा, ‘जी पुस्तके अजून आलीच नाहीत, त्यांचे काय केलेत?’ हाच प्रश्न पुढे कोणताही सरकारी तक्ता वाचताना त्यांच्या मनात यावा.