साखर आणायला दीड वर्ष

"मशीन लटकते राज्या! या दिवाळीले नवा प्रोसेसरच टाकतो," असं नांदगाव पेठेत कापडाची डिझाइनं करणारा कुणी म्हणाला, तर आधी मी त्याला चहा पाजीन आणि मग एक हिशेब मांडून दाखवीन.

आजच्या चांगल्या प्रोसेसरचे सेकंदाला पाचशे कोटी ठोके पडतात. एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. एवढा बारीक काळ डोक्यात मावत नाही, म्हणून तो ताणू. एक ठोका म्हणजे एक सेकंद समजा.

आता प्रोसेसर चहा करायला बसलाय. साखर चिपच्या पोटातल्या कॅशमध्ये असेल, तर चार-पाच सेकंदांत हाती येते. रॅममध्ये असेल तर सहा-सात मिनिटं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून आणावी तशी. एसएसडीवरून आणायची तर चार-पाच दिवस! आणि जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवरून? दीड वर्षाहून जास्त. तोवर आधण चुलीवर आणि हा जगातला सगळ्यात चपळ आचारी हात बांधून बसलेला.

तो कुठे अडतो, हे शोधणं म्हणजेच अपग्रेड. साडीच्या छापाईचं उदाहरण घ्या. एक मीटर रुंद, दीड मीटर लांब नक्षी, इंचाला ३०० ठिपके: एकूण सुमारे २१ कोटी ठिपके. छापाईचे चार रंग धरले तर एकाच थराचे ८४ कोटी बाइट. असे दहा थर झाले की आठ जीबी रॅम जवळपास भरतेच. 'मागे घ्या'साठी जपून ठेवलेल्या प्रती आणि खुद्द विंडोज यांचा हिशेब वेगळाच. न मावलेलं सगळं डिस्कवर सांडतं आणि सहा मिनिटांची खेप काही दिवसांची होते. तिथे प्रोसेसर बदलून काय होणार? आणखी चपळ आचारी, तोही बसूनच. या डिझाइनवाल्याला ३२ नाहीतर ६४ जीबी रॅम हवी.

म्हणून खरं काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. रॅम काठोकाठ आणि डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर रोग सापडला. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. एकाच वेळी सोळा कामं हाकणाऱ्या प्रोसेसरवर आकडा नुसता सहा टक्के दिसला, तरी एक गडी घामाघूम असू शकतो आणि पंधरा मोकळे. शंभर भागिले सोळा, करून बघा.

मग जास्त कोअर, म्हणजे चिपमधले जास्त गडी, घ्यावेत का? रोडग्यांची पंगत आठवा. कणीक मळायला, गोळे वळायला वीस हात लावा, काम झपाट्यानं होईल. पण गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगा भाजायला लागतो तेवढा वेळ लागतोच. संगणक अभियंते जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली हेच मांडलं. कामाचा पाचवा हिस्सा वाटून देता येत नसेल, तर हजार कोअर लावले तरी वेग पाचपटीपुढे जात नाही.

हा वाटणीचा पेच फार मोठ्या पटावर सोडवणारा माणूस आपल्याच मुलखातला. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर पुण्यात सी-डॅक ही संगणक संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा होत्या. एकेकटी चिप काही महासंगणकाच्या तोलाची नव्हती. पण प्रत्येकीला शेजारणींशी बोलायला चार जोडण्या होत्या! सगळी करामत त्या बोलण्यात.

राहता राहिलं ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि डब्यातला पंखा खोलीतलीच हवा फेकणार. खोली वीस अंशांनी तापली, की चिपही साधारण तेवढीच वर चढते. शंभरीच्या आसपास गेली की जीव वाचवायला आपणच वेग कमी करते. डेझर्ट कूलरच्या झोतात मशीन ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, तो ओलावा नेमका आत जातो. त्यात हा कापसाचा मुलूख. खरेदीची यादी करण्याआधी वीज बंद करून डब्याची बाजू उघडा आणि पंख्यामागच्या जाळीवर ब्रश फिरवा. उशीत भरावी इतकी रुई निघाली, तरी मला नवल वाटणार नाही.